शरदातला शिंदे घाट

काशीचे घाट पाहण्यास उत्तम काळ कोणता, असे विचारले असता बहुतेक जण हिवाळ्याचे नाव घेतात. मला मात्र आश्विन-कार्तिकाचा काळ अधिक अर्थपूर्ण वाटत आला आहे. पावसाळ्यात गंगा घाटांच्या पायऱ्या गिळीत वर चढते. येथील धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेले होते. एरवीच्या वर्षीही घाटाघाटांना जोडणारी वाट पाण्याखाली जाते, नावा थांबतात आणि मणिकर्णिकेवरील चिता वरच्या जागेत जळू लागतात. मग शरद येतो. पाणी एकेक पायरी खाली उतरते आणि मागे ठेवून जाते तो गाळ. कोठे घोट्याएवढा, कोठे पुरुषभर. पंपाने पाण्याचा जोरकस फवारा मारून माणसे हा गाळ पुन्हा नदीत लोटतात. दिवसचे दिवस हे काम चालते. दगड उघडा पडतो, धुतला जातो, उन्हात वाळतो. ज्या वास्तूंना आपण दोन-अडीचशे वर्षे जुन्या म्हणतो त्या येथे दर शरदात नव्याने वर काढाव्या लागतात. काशीच्या इतिहासाचे वाचन या ऋतूत करावे असे मला वाटते, त्याचे कारण हेच.

मराठी माणसासाठी या वाचनाला आणखी एक निमित्त आहे. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक महत्त्वाची तिथी या तीरावर, याच ऋतूत पडली आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका वाराणसीत, मणिकर्णिकेच्या परिसरात, कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण केली. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३. त्यापूर्वी दोन वर्षे, शके १४९३ च्या रामनवमीस, त्यांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही याच नगरीत सिद्ध झाले होते. ग्रंथसमाप्तीच्या ओव्यांत नाथांनी केलेली एक गोष्ट अभ्यासकांना ठाऊक असली तरी तिच्यावर पुरेसा विचार झालेला नाही. त्यांनी काळाचा निर्देश दोनदा केला आहे. एकदा काशीच्या गणनेने, विक्रम संवत १६३० म्हणून. आणि पुन्हा ‘स्वदेशीं’च्या, गोदातीरीच्या गणनेने, शालिवाहन शक म्हणून. दोन्ही गणनांत संवत्सरांची नावेही वेगळी पडतात, आणि तीही ते नोंदवितात.

ही केवळ पंचांगी दक्षता नव्हे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे काशीचा कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, तर आपला दिवाळीच्या अमावास्येनंतर. कृष्णपक्षात काशीतला मराठी माणूस एका महिन्यात राहतो आणि त्याचे शेजारी दुसऱ्या. शुक्लपक्ष लागला की दोन्ही महिने एकत्र येतात, आणि पौर्णिमेला तर दोघांचाही कार्तिक भरास आलेला असतो. वर्षाची गणना निराळी, पण पौर्णिमा एक. पैठणचा कवी काशीत बसून मराठीत ग्रंथ पुरा करतो आणि दोन्ही भूमींचे काळ शेजारी शेजारी लिहितो, ही काशीतील मराठी अस्तित्वाची पहिली नीट नोंद आहे असे मी मानतो. तीत परक्या नगरीत आल्याचा संकोच नाही, तशी ती नगरी आपली केल्याची फुशारकीही नाही.

पैठण-काशी हा रस्ता त्या काळी वाहता होता. रामेश्वर भट्ट पैठणहून काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट सोळाव्या शतकातील काशीचे अग्रगण्य पंडित होत, आणि विश्वेश्वराच्या मंदिराच्या तत्कालीन पुनर्निर्माणाशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. त्याच कुळातील गागाभट्ट १६७४ साली काशीहून रायगडास आले. म्हणजे तलवारीच्या आणि खजिन्याच्या आधी या वाटेने पोथी गेली होती. नाथांच्या ग्रंथाविषयी काशीच्या पंडितांनी वाद घातला, पोथी गंगेत टाकण्यात आली आणि नदीने ती वर उचलून धरली, ही कथा परंपरेने सांगितली आहे. इतिहास म्हणून तिचा आग्रह धरता येणार नाही. परंतु देशी भाषेचा न्याय नदीने करावा, असे ज्या समाजाला वाटले त्याचे मन तीत उमटले आहे.

पोथीमागून दगड आला. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उत्तरेत पसरली आणि काशीचा तीर पालटू लागला. आज आपण ज्याला काशीचे दृश्य म्हणतो, ती उंच पायऱ्यांची, बुरुजांची आणि वाड्यांची सलग रांग, ते पुष्कळ अंशी या शतकाचे व पुढील काही दशकांचे काम आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट बांधविले. त्या भोवती मराठी वस्ती वाढली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर उभे केले आणि मणिकर्णिकेवर बांधकाम केले. नागपूरकरांचा भोसले घाट, नागपूरच्याच श्रीधर नारायण मुनशींचा मुनशी घाट, अमृतराव पेशव्यांचे गणेशाचे मंदिर, पंचगंगेवर औंधकरांनी बांधविलेले बिंदुमाधवाचे देऊळ: नावेतून जाताना नावाडी ही नावे ओळीने सांगत जातो आणि मराठी प्रवाशाचा ऊर भरून येतो.

येथेच थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे काशीतील मराठ्यांचा इतिहास बहुधा दानशूरांच्या यादीसारखा लिहिला गेला आहे: अमक्याने अमका घाट बांधिला, अमकीने अमके देऊळ. यादी खरी आहे. पण यादीत काळ नसतो, कारण नसते आणि पडझड तर मुळीच नसते. चुनारच्या खाणीतून वालुकाश्म काढून नावांनी आणणारे, तो घडविणारे आणि पाण्याच्या काठी पाया खणणारे कारागीर त्यात येत नाहीत. दान देणाऱ्याने ते कोणत्या परिस्थितीत दिले, त्या वेळी त्याच्या हाती काय उरले होते, हेही येत नाही. या यादीला छेद देणारी वास्तू म्हणून मला शिंदे घाट महत्त्वाचा वाटतो.

मणिकर्णिकेला लागून, प्रवाहाच्या दिशेने किंचित पुढे, हा घाट आहे. मागे आत्मवीरेश्वराचे प्राचीन स्थान असल्याने पूर्वी त्याला वीरेश्वर घाट म्हणत. १८३० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई यांनी तो बांधविला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२८ मध्ये, ज्ञानवापीच्या विहिरीवरील दगडी खांबांचा मंडप त्यांनीच उभारला होता. बायजाबाई मूळच्या कागलच्या. सखाराम, म्हणजेच सर्जेराव घाटग्यांच्या त्या कन्या. जन्म १७८४, विवाह १७९८. १८२७ साली दौलतराव निपुत्रिक वारले. दत्तक पुत्र जनकोजी अल्पवयी असल्याने राज्याची सूत्रे बायजाबाईंच्या हाती आली, आणि १८३३ पर्यंत ती त्यांनी करड्या हाताने चालविली.

या तारखा शेजारी मांडल्या की घाटाचा अर्थ बदलू लागतो. पुण्याची सत्ता १८१८ मध्ये संपली होती. पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा काशीत येऊन राहिले होते; त्यांच्याच पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी पुढे झाशीची राणी जन्मली. काशी ही तोवर मराठ्यांच्या पुण्यार्जनाची नगरी होती, ती आता त्यांच्या निवृत्तीची नगरी झाली. स्वतः काशी अठराव्या शतकातच कंपनीच्या अंमलाखाली गेली होती. ग्वाल्हेरचे राज्य उरले होते, पण १८०३ च्या पराभवांनी आणि त्यानंतरच्या तहांनी त्याचे पंख कापले होते. ज्या स्त्रीला सैन्य वाढविणे, मुलूख जोडणे, करार करणे यांपैकी काहीही मोकळेपणी करता येत नव्हते, तिच्या सत्तेला व्यक्त होण्याची एक जागा शिल्लक होती: तीर्थक्षेत्रीचा दगड. तेथे कंपनी सरकारचीही हरकत नव्हती. शिंदे घाट अवाढव्य का झाला, याचे एक उत्तर येथे असावे असे मला वाटते. राज्य आकसत असताना बांधलेली ही वास्तू राज्याच्या ऐन भरातल्या बांधकामांपेक्षा भारदस्त आहे.

आणि हा भारदस्तपणाच तिला भोवला. बांधकामाच्या वजनाखाली काठ खचला आणि घाट नदीत बसला. १८६८ सालच्या काशीविषयक ग्रंथात शेरिंग या मिशनऱ्याने भेगाळलेल्या, खचत चाललेल्या शिंदे घाटाची नोंद केली आहे. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांतही त्याचे कललेले दगडी अंग दिसते. म्हणजे कित्येक पिढ्यांनी शिंदे घाट भग्नावस्थेतच पाहिला. १९३७ साली शिंदे घराण्याने त्याची पुनर्बांधणी केली. आज आपण ज्या पायऱ्यांवर बसतो त्या बव्हंशी तेव्हाच्या आहेत.

खचण्याचे कारण दैवी कोपात शोधण्याची गरज नाही. काशीजवळ गंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. पश्चिमेचा काठ वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, म्हणून पाण्याचा मारा त्यालाच सोसावा लागतो. पूर्वेच्या काठावर वाळू साचते. पश्चिमेचा काठ चुनखडीच्या खड्यांनी घट्ट झालेल्या मातीचा आहे, म्हणून तर नगरी त्यावर टिकली. परंतु तो खडक नव्हे. दरसाल पाणी वर चढते तेव्हा ही माती भिजते. पाणी वेगाने उतरते तेव्हा मातीतील पाणी आतून बाहेर ढकलत राहते आणि काठ सैल होतो. म्हणजे जो शरद आपल्याला निर्मळ आणि शांत वाटतो, तोच भारी बांधकामाच्या परीक्षेचा काळ असतो. पावसाळ्यात पाण्याने दिलेला आधार शरदात निघून जातो.

घाटाच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर याच कथेतले आहे. सुमारे नऊ अंशांचा त्याचा कल सांगितला जातो. ते कोणी बांधले याविषयी लोककथा अनेक आहेत. कोणी मातृऋण फेडल्याचा गर्व करणाऱ्या पुत्राची गोष्ट सांगतो, कोणी अहिल्याबाईंच्या रत्ना नावाच्या दासीची. दोन्ही कथांत शाप आहे, आणि दोन्हींत शापाचे कारण एकच: बांधणाऱ्याने आपले नाव मोठे केले. लोकस्मृतीने येथे स्थापत्याचा दोष नीतीच्या भाषेत मांडला आहे. पावसाळ्याचे महिने हे मंदिर पाण्यात असते. शरदात ते वर येते तेव्हा गाभारा गाळाने भरलेला असतो. कोरीव खांबांच्या सांध्यांतून तो गाळ काढावा लागतो. देव आधी उकरून काढावा लागतो, मग पूजा.

आता या तीरावरून शहराच्या दक्षिण टोकाला, हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारत कला भवनाकडे वळू. घाटावर जे बाहेर, पाण्यात आणि उन्हात चालले आहे, त्याची दुसरी बाजू तेथे दिसते. १ जानेवारी १९२० रोजी राय कृष्णदास यांनी ‘भारतीय कला परिषद’ या नावाने ही संस्था स्थापिली. अध्यक्षपद रवींद्रनाथ ठाकुरांकडे होते. १९२९ साली नागरी प्रचारिणी सभेशी जोडली गेल्यावर तिला भारत कला भवन हे नाव मिळाले, आणि १९५० मध्ये ती विश्वविद्यालयात आली. राय कृष्णदास स्वतः हिंदीचे लेखक. कवी-लेखकाने संग्रहालय उभे करावे ही गोष्ट विरळा. पण ज्या नगरीत जुनी चित्रे रद्दीच्या भावाने जात होती आणि मूर्ती गल्लीच्या कोपऱ्यात शेंदराखाली बुजत होत्या, तेथे ते काम कोणा रसिकानेच हाती घ्यावयास हवे होते.

या संस्थेचा आपल्याकडील वस्तुसंग्रहालयाशी एक अंतःस्थ दुवा आहे. काशीच्या भारतेंदु हरिश्चंद्रांच्या कुळातील डॉ. मोतीचंद्र हे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाचे दीर्घकाळ संचालक होते. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. ‘काशी का इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला, आणि काशीतील मराठ्यांविषयी लिहिणाऱ्या कोणासही तो टाळता येत नाही. मराठी घराण्यांनी काशीत दगड रचला आणि काशीच्या एका सुपुत्राने मुंबईत बसून त्याचा इतिहास हिंदीत लिहिला. तसेच उलट दिशेने, काशीत जन्मलेले मराठी बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार झाले. देवघेवीची ही खाती घाटांच्या यादीत मावत नाहीत.

कला भवनात मी ज्या मूर्तीपाशी अधिक रेंगाळतो ती गुप्तकालीन कार्तिकेयाची. मोरावर बसलेला बालयोद्धा. मोराचा पिसारा त्याच्या मागे प्रभावळीसारखा पसरलेला. वास्तविक तो युद्धाचा देव, पण चेहऱ्यावर मुलाची निरागसता. कार्तिक महिना कृत्तिका नक्षत्रावरून, आणि कार्तिकेय त्याला वाढविणाऱ्या कृत्तिकांवरून. दोघांचे नाव एकाच घरचे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अशी रूढी आहे की स्त्रियांनी कार्तिकस्वामीचे दर्शन एरवी घेऊ नये. कार्तिकी पौर्णिमेस कृत्तिका नक्षत्राचा योग असेल तेवढ्यापुरतेच घ्यावे. माझ्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्या बायका त्या योगाची वाट पाहत असल्याचे मला आठवते. कला भवनात ही अट नाही. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, कोणतीही स्त्री त्या मूर्तीसमोर हवा तितका वेळ उभी राहू शकते. संग्रहालयावर आक्षेप घेण्याची एक पद्धत आपल्या विचारवंतांत रूढ आहे: संग्रहालय देवाची वस्तू करते, त्याला त्याच्या स्थळापासून आणि काळापासून तोडते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु स्थळकाळापासून तुटण्यात कोणाची सुटकाही असते, हे त्या मूर्तीपाशी उभ्या असलेल्या बायकांकडे पाहून ध्यानी येते.

शेजारी बकरियाकुंडाकडून आलेली गोवर्धनधारी कृष्णाची भव्य मूर्ती आहे. भंगलेल्या अवस्थेत ती मिळाली. पावसाविरुद्ध हात वर करून उभा राहिलेला देव एका छपराखाली ठेवावा लागला, यातील विसंगती मनात आल्यावाचून राहत नाही. चित्रांच्या दालनांत राजस्थानी व पहाडी लघुचित्रांचा मोठा साठा आहे. या चित्रपरंपरेत बारमासा हा प्रकार सर्वांना परिचित: एकेका महिन्याचे एकेक चित्र, आणि प्रत्येकात ‘या महिन्यात प्रवासाला जाऊ नका’ असे पतीला विनविणारी नायिका. केशवदासाच्या ‘कविप्रिया’तील बारमाशाने या चित्रकारांना पुष्कळ विषय पुरविले. त्यातला आश्विन पितरांच्या आगमनाचा आहे, आणि कार्तिक जळी-स्थळी-आकाशी लागलेल्या दिव्यांचा. चित्रकार दोन बोटांच्या जागेत नदी, स्नान करणारी माणसे आणि गच्चीवरचा दिवा बसवितो. त्या चित्रातल्या नदीला पूर नाही आणि तिच्या काठाला गाळही नाही. कागदावरचा शरद चिरंतन आहे, कारण तो कोरड्या जागी ठेवला आहे.

कला भवन आणि शिंदे घाट यांतील भेद असा आहे. संग्रहालयाचा सारा प्रयत्न ऋतूला बाहेर ठेवण्याचा: दमट हवा नको, ऊन नको, धूळ नको, स्पर्श नको. घाट ऋतूवरच जगतो. संग्रहालयात जे आहे ते वापरातून निघाले म्हणून टिकले. घाट वापरात आहे म्हणून टिकला. वापर थांबला तर दोन-तीन पावसाळ्यांत गाळ त्याला झाकून टाकील. म्हणून घाटांना ‘उघड्यावरचे संग्रहालय’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे ती मला दिशाभूल करणारी वाटते. संग्रहालयाची नीती घाटाला लावली तर तो मरेल, आणि घाटाची नीती संग्रहालयाला लावली तर चित्रे कुजतील. जतन या एका शब्दाखाली आपण दोन भिन्न कामे एकत्र केली आहेत.

हा केवळ शब्दांचा प्रश्न उरलेला नाही. विश्वनाथ मंदिराभोवतीची दाट वस्ती काढून, मंदिरापासून गंगेपर्यंतचे विस्तीर्ण प्रांगण १३ डिसेंबर २०२१ रोजी खुले झाले. चेंगराचेंगरीच्या गल्ल्यांतून वृद्ध यात्रेकरूंची सुटका झाली, घरांच्या भिंतींत दडलेली अनेक मंदिरे उजेडात आली, अहिल्याबाईंची मूर्ती तेथे बसविण्यात आली. हे मान्य केले पाहिजे. त्याच वेळी, पिढ्यान्‌पिढ्या जेथे राबता होता अशी घरे गेली आणि त्यांबरोबर त्या मंदिरांना दररोज दिवा लावणारे हातही पांगले, हेही मान्य केले पाहिजे. देऊळ राहिले आणि शेजार गेला, तर राहिले ते घाटासारखे राहिले की संग्रहालयासारखे? या प्रश्नाचे उत्तर मजजवळ तयार नाही. पण ज्यांच्या पूर्वजांनी ही वास्तू उभारली असे आपण अभिमानाने सांगतो, त्यांनी तरी हा प्रश्न विचारावयास हवा. मूर्ती बसविल्याने अहिल्याबाईंचे ऋण फिटते असे मानणे सोपे आहे. रत्नेश्वराची लोककथा ऋण फिटल्याच्या याच समजुतीविषयी आहे.

बायजाबाईंची तर मूर्तीही नाही. १८३३ मध्ये जनकोजींच्या पक्षाने उठाव केला आणि त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी कंपनीच्या मुलखात, आग्रा, फर्रुखाबाद, अलाहाबाद असे तळ हलवीत काढली. १८३५ साली फतेगढास त्यांना भेटलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीने आपल्या प्रवासवर्णनात त्यांचे चित्र रेखाटले आहे. तंबूत राहणारी ही पदच्युत राणी घोड्यावर बसण्याच्या मराठी आणि इंग्रजी रीतींची तुलना करते, आणि दोन्ही देशांतील स्त्रियांच्या पराधीनतेविषयी बोलते. मराठी वाचकाला बायजाबाई निराळ्या वाटेने ठाऊक आहेत. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघाले ते बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून. यज्ञ राहिला, बंड पदरात पडले, आणि शेवटी भटजी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हा मराठी गद्याचा अमोल ठेवा आपल्याला एका न झालेल्या यज्ञामुळे मिळाला. बायजाबाईंचा यज्ञ झाला नाही, घाट खचला, राज्य हातचे गेले. १८६३ साली ग्वाल्हेरीस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हातून जे पुरे झाले नाही त्यातूनच आपल्याला पुष्कळ काही मिळाले आहे. दानशूरांच्या यादीला हे कसे कळावे?

कार्तिकाच्या एका संध्याकाळी मी शिंदे घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. उजव्या हाताला मणिकर्णिकेचा धूर, समोर पैलतीरावरच्या वाळवंटात फुललेल्या काशतृणाची फिकट रेघ. खाली दोन माणसे रत्नेश्वराच्या मंडपातून घमेल्याने गाळ उपसत होती. डाव्या हाताला, पंचगंगेच्या दिशेने, उंच वेळूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढत होत्या. प्रत्येक टोपलीत एक दिवा. हे आकाशदीप पितरांना वाट दाखविण्यासाठी महिनाभर लावतात. आपल्या दिवाळीतील आकाशकंदील याच कुळातला; फक्त आपण त्याला शोभेची वस्तू केली आणि पितरांना विसरलो. पंचगंगेवर अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे. आपल्याकडच्या देवळांपुढील दीपमाळांची त्याला पाहून आठवण येते. कार्तिकी पौर्णिमेस तो उजळतो. त्या रात्रीचा देवदीपावलीचा सोहळा १९८० च्या दशकात पंचगंगेपासून पुन्हा वाढू लागला आणि आता घाटोघाटी लक्षावधी पणत्या, विजेची रोषणाई आणि नावांची गर्दी असा झाला आहे. त्या एका रात्रीचे वैभव डोळे दिपविणारे आहे हे खरे. तरीही मला त्या आधीच्या एकोणतीस रात्रींचे, टोपलीत एकेकटे तेवणारे दिवे अधिक जवळचे वाटतात. ते कोणी पाहावे म्हणून लावलेले नसतात.

गाळ उपसणाऱ्यांपैकी एकाला मी विचारले, हे काम किती दिवस चालेल? तो म्हणाला, ‘‘पुढच्या पुरापर्यंत, बाबूजी.’’ आणि हसला. विनोद होता, पण घाटाच्या संरक्षणाविषयी याहून अचूक विधान मी कोठे वाचलेले नाही. बायजाबाईंनी घाट एकदाच बांधून तो कायमचा झाला असे मानले असावे. नदीने तसे मानले नाही. १९३७ साली तो पुन्हा बांधला गेला, आणि त्यानंतर दर शरदात ही नाव नसलेली माणसे तो पुन्हा वर काढीत आली आहेत.

त्या पौर्णिमेच्या रात्री याच परिसरात कोठे तरी एकनाथांनी लेखणी खाली ठेवली. तेव्हा शिंदे घाट नव्हता, भोसले घाट नव्हता, मराठ्यांचा एकही बुरूज या तीरावर नव्हता. होते ते एका मराठी ग्रंथाचे शेवटचे पान, आणि त्यावर दोन भूमींचे दोन काळ. दगडाच्या यादीत आपण प्रथम क्रमांक कोणाला द्यावयाचा याचा विचार करताना ते पान आठवावे. त्या पानाने काशीवर हक्क सांगितला नाही. आपण कोठून आलो आणि कोठे आहोत एवढेच स्वच्छ लिहून ठेवले.